टिपणवहीपासून यंत्रसंग्रहापर्यंत : राजूर परिसराच्या अभ्यासाच्या निमित्ताने

१

अभ्यासकाने स्वतःच्या उपयोगासाठी जमविलेला टिपणांचा संग्रह हा इतिहाससंशोधनाचा अत्यंत महत्त्वाचा, परंतु फारसा न अभ्यासला गेलेला भाग होय. ग्रंथ छापले जातात, त्यांची परीक्षणे होतात. पण ज्या वह्यांतून आणि चिठ्ठ्यांतून ते निर्माण झाले त्यांची रचना कशी होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज तो विचारावयास एक नवे कारण उपस्थित झाले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे संभाषक यंत्र लोकांपुढे आले. त्यानंतर लवकरच विद्यार्थ्याने आपली टिपणे, ग्रंथांची पृष्ठे व ध्वनिमुद्रणे यंत्रात साठवावीत आणि आपल्याच संग्रहाला प्रश्न विचारून उत्तरे मिळवावीत, अशी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली. पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी ती वापरीत आहेत. अशा स्थितीत त्यांचा पुरस्कार किंवा निषेध करीत बसण्यापेक्षा, संग्रहाचे कोणते काम यंत्राकडे सोपवावे आणि कोणते अभ्यासकाने स्वतःकडे ठेवावे, याचा निर्णय करणे अधिक उपयुक्त ठरेल. प्रस्तुत निबंधात हा निर्णय पूर्वानुभवाच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचनासाठी राजूर आणि त्याचा परिसर घेतला आहे. राजूर हे अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बाजाराचे गाव. त्याच्या पश्चिमेस कळसूबाई, रतनगड आणि सह्याद्रीची मुख्य रांग. भोवती महादेव कोळी व ठाकर यांची वस्ती. या प्रदेशाविषयी जुन्या काळी जे छापले गेले ते बव्हंशी बाहेरून आलेल्या माणसांनी, इंग्रजीत आणि राज्यकारभाराच्या सोयीसाठी लिहिलेले आहे. उलटपक्षी, येथील रहिवाशांना जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग कागदावर आलेलाच नाही. छापील आणि अलिखित यांतील एवढे अंतर जेथे आहे, तेथे संग्रहाची परीक्षा चांगली होते.

२

महाराष्ट्रात वैयक्तिक संग्रहाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६). 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. गावोगाव हिंडून दप्तरे पाहावयाची, कागद स्वतः वाचावयाचा, त्याची नक्कल करावयाची, त्याचा काळ ठरवावयाचा आणि मग त्यावर प्रस्तावना लिहावयाची, असा त्यांचा क्रम होता. यांतील नक्कल करण्याचे काम वरकरणी कारकुनी दिसते. परंतु मोडी कागद ओळीओळीने उतरविताना लेखकाची लकब, कालोल्लेखाची पद्धत, संबोधनाचे प्रकार आणि शब्दांचे तत्कालीन अर्थ ही सारी वाचणाऱ्याच्या अंगवळणी पडत असत. राजवाड्यांचा भाषाविषयक अधिकार ज्या व्यासंगातून आला त्यात या श्रमांचा वाटा मोठा होता, असे म्हणावयास हरकत नसावी.

याच राजवाड्यांच्या कार्यात संग्रहाची दुसरी बाजूही दिसते. पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध केली. ही पोथी एकनाथपूर्व आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे ती मूळ पोथी अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. त्यामुळे तिच्या काळाविषयीचा वाद पोथी समोर ठेवून मिटविण्याचा मार्गही उरला नाही. नक्कल कितीही विद्वान हातची असली, तरी मुळाकडे परत जाण्याची वाट तुटली की तिचे प्रामाण्य वादग्रस्त होते. याउलट त्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यास स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचा मराठी धातुकोश १९३७ साली कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. संग्राहक गेल्यावरही त्याच्या कागदांतून दुसऱ्यास काम पुढे नेता आले, हे या प्रकाशनाचे महत्त्व होय.

वैयक्तिक परिश्रमाऐवजी संघटित परिश्रमाचे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पाहावयास मिळते. १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी तेथे ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाची योजना आरंभिली. ऋग्वेदापासून अर्वाचीन काळापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून, शब्द वेचून, जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. पहिला भाग अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ साली बाहेर पडला. त्यानंतर अनेक भाग निघाले, तरी वर्णानुक्रम अद्याप 'अ' या अक्षराच्या पुढे गेलेला नाही. या संथपणाचा उपहास करणे सोपे आहे. मात्र अर्धशतकापूर्वी कोणा अज्ञात टिपणकाराने केलेली चिठ्ठी आजचा संपादक निःशंकपणे हाती घेऊ शकतो, याचे कारण तिच्यावर शब्दाबरोबर अवतरण आणि ग्रंथातील स्थान नोंदलेले असते. शंका आली की मूळ ग्रंथ उघडता येतो.

अन्य देशांतही हाच अनुभव आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान (१९२७–१९९८) यांनी आयुष्यभरात सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्यांचा संग्रह केला. प्रत्येक चिठ्ठीस क्रमांक होता, एका चिठ्ठीवरून दुसरीकडे जाण्याचे निर्देश होते आणि वाचलेल्या ग्रंथांच्या नोंदी स्वतःच्या विचारांच्या चिठ्ठ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या होत्या. त्यापूर्वी, जुलै १९४५ मध्ये, अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी एका लेखात मेमेक्स नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती. अभ्यासकाची सारी पुस्तके व टिपणे सूक्ष्मचित्रांच्या रूपाने एका मेजात साठवावीत आणि एका कागदापासून दुसऱ्यापर्यंत त्याने स्वतः आखलेल्या वाटा त्यात कायम राहाव्यात, असा त्यांचा विचार होता. आजची साधने ही मेमेक्सची वंशज मानली जातात. मात्र बुश यांच्या कल्पनेत वाट आखणारा अभ्यासक होता. आज ती वाट पुष्कळदा यंत्र आखते. हा भेद लहान नव्हे.

३

यंत्र हे काम कसे करते, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. संग्रहातील मजकुराचे ते प्रथम लहान तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्याच्या आशयानुसार त्यास आकड्यांची एक लांब मालिका देते. प्रश्न विचारला की त्या प्रश्नाचीही तशीच मालिका करून, तिच्या सर्वांत जवळचे तुकडे निवडते आणि ते भाषाप्रारूपापुढे ठेवून त्याच्याकडून उत्तर रचून घेते. त्यामुळे शब्द वेगळे असले तरी आशय जुळणारी टिपणे सापडतात. 'दुष्काळ' असे विचारल्यावर 'अवर्षण' असे लिहिलेले टिपण पुढे येऊ शकते. हजार पृष्ठांच्या वहीत हरवलेली नोंद क्षणात मिळते. ही सोय राजवाड्यांच्या पिढीस स्वप्नवत् वाटली असती.

लिपीच्या क्षेत्रातही प्रगती होत आहे. मोडी लेखनाचे देवनागरीत लिप्यंतर करणारे एक प्रारूप रुडकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२५ साली पुढे मांडले. त्यासाठी दोन हजारांहून अधिक मोडी प्रतिमांचा संच त्यांनी तयार केला. मोडी वाचणारे आज थोडे आणि न वाचलेले कागद अपार, अशा स्थितीत या प्रयत्नाचे मोल मोठे आहे.

तथापि या कार्यपद्धतीतूनच तीन दोष संभवतात. पहिला असा की, तुकडा आपल्या शिरोलेखापासून तुटतो. कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी लिहिले हे पहिल्या पृष्ठावर राहते आणि विधान तेवढे उत्तरात येते. दुसरा असा की, जवळचा आशय म्हणजे योग्य आशय नव्हे. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. संग्रहातील तुकडे अपुरे पडले, तर यंत्र आपल्या पूर्वशिक्षणातील सामग्रीने उणीव भरून काढण्याचा संभव असतो. आणि ती सामग्री प्रामुख्याने इंग्रजीतील छापील व प्रसृत मजकुराची असते.

राजूरच्या बाबतीत हे दोष कल्पनेतले राहत नाहीत. राजूर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. गणपतीसाठी प्रसिद्ध असलेले जालना जिल्ह्यातील राजूर आणि यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळचे राजूर ही त्यांपैकी दोन. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात अहमदनगर जिल्ह्याचा जो खंड १८८४ साली निघाला, त्यात अकोले तालुक्याचे नाव इंग्रजीत 'अकोला' असेच छापलेले आहे. ते वाचून विदर्भातील अकोल्याची माहिती येथे जोडली जाणे अशक्य नाही. 'कोळी' या एकाच शब्दाखाली सह्याद्रीतील महादेव कोळी आणि किनाऱ्यावरील मच्छीमार कोळी एकत्र येऊ शकतात. खुद्द जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाल्यामुळे जुन्या व नव्या कागदांत दोन नावे राहणार. येथल्या विद्यार्थ्यास हे भेद सांगावे लागत नाहीत. पण यंत्राला ते सांगावेच लागतात. म्हणजे संग्रहातील प्रत्येक नोंदीवर ते मुद्दाम लिहून ठेवावे लागतात.

४

आता या परिसराच्या इतिहासातील एक उदाहरण घेऊ. देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात इंग्रजी अंमल आणि सावकारशाही यांविरुद्ध उठाव केला. १८४८ च्या आरंभी पंढरपूर येथे ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. समकालीन इंग्रजी कागदांची भाषा ही बंदोबस्ताची, पाठलागाची आणि गुन्ह्याची भाषा आहे. अकोले तालुक्यात मात्र राघोजी हे आद्य क्रांतिकारक म्हणून स्मरले जातात.

ज्या लेखनातून महादेव कोळ्यांची प्रतिमा इंग्रजी वाचकांपुढे उभी राहिली, त्यात कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांच्या निबंधाचे स्थान अग्रभागी आहे. मॅकिंटॉश अहमदनगरच्या पोलीस दलाचे अधिकारी होते आणि त्यांचा हा निबंध १८३० च्या दशकात मुंबईच्या भूगोल मंडळाच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाला. त्यांची निरीक्षणे सूक्ष्म आहेत. कुळे, चालीरीती आणि जुने हक्क यांविषयीची त्यांची माहिती आजही टाळता येत नाही. परंतु ज्यांचा बंदोबस्त करावयाचा त्यांचे वर्णन बंदोबस्त करणाराने केले आहे, हे वाचकाने क्षणभरही विसरता कामा नये. पुढे १८८४ च्या गॅझेटिअराने या जमातीविषयी लिहिताना मॅकिंटॉश यांचाच भरपूर आधार घेतला. सबब हे दोन ग्रंथ एकच गोष्ट सांगत असले, तर ती दोन साक्षीदारांची साक्ष न होता एकाच साक्षीचा पुनरुच्चार ठरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा विवेक पहिल्या वर्षी शिकविला जातो. यंत्रापुढे मात्र दोन ग्रंथांचे दोन तुकडे येतात. त्यांचे परस्परांशी असलेले नाते नोंदीत लिहिलेले नसेल, तर एकमेकांस पुष्टी देणारी दोन प्रमाणे म्हणून ते उत्तरात अवतरतात.

हा धोका येथेच संपत नाही. परस्परविरोधी तुकड्यांचा सारांश मागितला असता यंत्र बहुधा त्यांचा एक समतोल, गुळगुळीत परिच्छेद करून देते. अधिकाऱ्याचे विधान, गावातील आठवण आणि न्यायालयाचा कागद यांचे स्वर त्यात मिसळून जातात. वस्तुतः त्या स्वरांतील विसंवाद हीच इतिहासकाराची सामग्री होय. लोकस्मृती सत्य आणि सरकारी कागद असत्य, असा येथे दावा नाही. लोकस्मृतीचीही तितकीच कठोर परीक्षा झाली पाहिजे. पण ती होण्यासाठी कोणत्या गावच्या, कोणत्या पिढीच्या आणि कोणाकडून ऐकलेल्या स्मृतीची ती नोंद आहे, हे टिकून राहिले पाहिजे.

अलिखित ज्ञानाच्या संग्रहाचा विचार करताना याच तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांच्या कार्याकडे लक्ष जाते. शालेय शिक्षण न लाभलेल्या राहीबाईंनी गावठी वाणांच्या बियाण्यांचा मोठा संग्रह केला. बाएफ या संस्थेचे त्यांना साहाय्य लाभले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वेगवेगळ्या वाणांचे बियाणे मडक्यात साठविले एवढ्याने बीजसंग्रह होत नाही. कोणता वाण कोणत्या जमिनीत येतो, केव्हा पेरावा, चवीस कसा, रोगास कितपत टिकतो, हे ठाऊक नसेल तर ते केवळ धान्य होय. शिवाय बियाणे ठरावीक काळाने पुन्हा पेरावे लागते, अन्यथा त्याची उगवणशक्ती जाते. टिपणांच्या संग्रहासही हे दोन्ही नियम लागू पडतात. आधारनिर्देश नसलेले टिपण हे नावगाव नसलेले बी आहे. आणि जे टिपण पुन्हा वाचले, तपासले, वापरले जात नाही, ते साठलेले असूनही निर्जीव असते.

राजूर परिसरात अशी नोंद अद्याप व्हावयाची असलेल्या गोष्टी विपुल आहेत. डांगी जनावरांचे पारखी, नागली व वरईची शेती, काळभातासारखे भाताचे वाण, महादेव कोळी व ठाकर यांच्या बोलीतील शब्द, शेतांची आणि पाणवठ्यांची नावे, ही काही उदाहरणे. १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण बांधले गेले. पाण्याखाली गेलेल्या जमिनीचे क्षेत्र भूसंपादनाच्या कागदांत शोधता येईल; पण त्या शेताला घरात काय म्हणत, तेथे काय पिके, हे विचारावयाचे ते वृद्धांनाच, आणि तेही आज केवळ ऐकीव आठवणीच्या रूपाने उरलेले. ही नोंद यंत्राच्या पूर्वशिक्षणात असावयाचे कारण नाही. ती विद्यार्थ्याने केली नाही, तर मॅकिंटॉश आणि गॅझेटिअर यांचीच दृष्टी नव्या भाषेत व नव्या वेगाने त्याच्याकडे परत येईल, आणि आपल्याच गावाविषयी तो ती आपली म्हणून स्वीकारील.

५

वरील विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो असा : शोधण्याचे काम यंत्राकडे द्यावे, नोंद करण्याचे आणि निवाडा करण्याचे काम अभ्यासकाने स्वतःकडे ठेवावे. व्यवहारात याचे स्वरूप काय असावे, हे थोडक्यात मांडतो.

प्रत्येक नोंद स्वयंपूर्ण असावी. ग्रंथ, आवृत्ती, पृष्ठ, लेखकाचे पद व हेतू. मौखिक माहिती असल्यास गाव, तारीख आणि सांगणाराचा त्या घटनेशी असलेला संबंध, ही सर्व माहिती त्याच नोंदीत यावी. यंत्राने तुकडे पाडले तरी मग प्रत्येक तुकडा आपली ओळख बरोबर घेऊन जातो. डेक्कन कॉलेजच्या चिठ्ठीचे रहस्य एवढेच आहे.

मूळ मजकूर, यंत्राने केलेले वाचन किंवा सारांश, आणि अभ्यासकाचे स्वतःचे मत, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या राहाव्यात. मोडी कागदाचे यांत्रिक लिप्यंतर केले असेल, तर कागदाचे छायाचित्र त्यालगत असावेच. ध्वनिमुद्रणाचे लेखन यंत्राकडून करून घेतल्यास मूळ ध्वनी जपावा. कारण प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र अपरिचित बोलीशब्दाच्या जागी त्याच्या जवळचा परिचित शब्द घालण्याचा संभव असतो, आणि नेमका तो अपरिचित शब्दच संशोधनाचा विषय असतो. यंत्राचा सारांश पुढच्या उत्तरासाठी आधार म्हणून पुन्हा संग्रहात शिरू देऊ नये. तसे झाल्यास पाटांगणच्या पोथीप्रमाणे मुळाकडे जाणारी वाट हळूहळू बुजत जाईल.

सांगणाराची संमती हाही पद्धतीचाच भाग होय. वनौषधी, बियाणे, देवस्थाने यांविषयीचे ज्ञान एखाद्या कुटुंबाचे किंवा समाजाचे असते. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते, ती याच जाणिवेने. असे ज्ञान दूरच्या व्यापारी संस्थेच्या यंत्रात टाकण्यापूर्वी ते सांगणारास स्पष्टपणे विचारणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. संग्रह साध्या मजकुराच्या स्वरूपात, आपल्या स्वतःच्या ताब्यात ठेवावा, म्हणजे एखादे साधन बंद पडले तरी कागद हाती राहतील.

अखेरचा मुद्दा शिकण्याचा. संग्रह हे शिक्षणाचे साधन आहे, आणि शिक्षण माणसाचे व्हावयाचे आहे. रोडिजर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मजकूर पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा तो स्मरणातून काढून पाहिल्याने काही दिवसांनंतर अधिक लक्षात राहतो. यावरून यंत्राचा एक चांगला उपयोग सुचतो. विद्यार्थ्याने यंत्राला प्रश्न विचारण्याऐवजी, आपल्या टिपणांवरून यंत्राने विद्यार्थ्यास प्रश्न विचारावेत. उत्तर लिहून झाल्यावर मूळ नोंद उघडावी. प्रत्येक नोंदीखाली स्वतःच्या शब्दांत दोन वाक्ये लिहिण्याचा नियम ठेवला, तर नक्कल करण्याच्या श्रमातून राजवाड्यांच्या पिढीला जे मिळे त्याचा काही अंश आजही मिळू शकेल. वाचलेला वेळ मग वृद्धांकडे जाऊन बसण्यात घालविता येईल.

राजूर परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी अशा शंभर नोंदी जरी काळजीपूर्वक केल्या, तरी त्या पुढील अभ्यासकाला उपयोगी पडतील. धुळ्याच्या मंडळाला राजवाड्यांचे कागद पडले तसे. साधने पुढेही बदलत राहतील. आज कोणते यंत्र वापरले, हे पन्नास वर्षांनी कोणी विचारणार नाही. ही गोष्ट कोणी सांगितली आणि कोठे सांगितली, हे मात्र विचारले जाईल, आणि त्याचे उत्तर नोंदीवरच लिहिलेले असले पाहिजे.